निराधारांचे पैसे का अडले, ते त्यांना लेखी कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना यांचे पैसे डिसेंबर २०२४ पासून डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) पोर्टलवरून थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होऊ लागले. त्याआधी तहसीलमधून बँकेकडे लाभार्थ्यांची यादी आणि एकत्रित रक्कम जायची आणि बँक यादीतल्या खाते क्रमांकांवर ती टाकायची. यादी बँकेत पडून राहायची, महिने तुंबायचे. ती पद्धत गेली याचे दुःख नाही. पण तेव्हा पैसे आले नाहीत तर विचारायला दोनच दारे होती. आता तहसील बँकेकडे पाठवते, बँक आधार केंद्राकडे पाठवते आणि आधार केंद्र ‘तुमचं आधार चालू आहे, तहसीलला विचारा’ म्हणते. गंमत अशी, की तिघेही आपापल्या पडद्यावर जे दिसते ते खरेच सांगत असतात.

पाठवलेली रक्कम परत आली, तर ती का परत आली हे संगणकात नोंदलेले असते. आधार बँकेशी जोडलेले नाही, खाते बंद आहे, खाते निष्क्रिय आहे, केवायसी बाकी आहे, आधारच निलंबित आहे, अशी ठरावीक कारणे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ज्या विधवेचा किंवा म्हाताऱ्याचा पैसा अडला, त्याला मात्र हे कारण कुणी कागदावर देत नाही. ‘आधार प्रॉब्लेम आहे’ एवढेच तोंडी सांगितले जाते. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

आधी हे प्रकरण कसे चालते ते पाहू. नव्या पद्धतीत पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे याची एक मध्यवर्ती नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते. एका आधारापुढे एकाच वेळी एकच बँक असते, आणि ती म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेली. त्यामुळे अर्जावर जिल्हा बँकेचे खाते लिहिले आणि मधल्या काळात कुणी गावात येऊन, अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत शून्य शिलकीचे खाते उघडून दिले, तर पैसे तिकडे जाऊ शकतात. २०१७ मध्ये गॅसची सबसिडी ग्राहकांच्या नकळत एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत जमा झाल्याचे प्रकरण देशभर गाजले होते, त्यामागचे तंत्र हेच. तेव्हा ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचे पैसे परत गेलेले असतात असे नाही. काहींचे पैसे त्यांना माहीत नसलेल्या खात्यात नियमित साचत असतात.

दुसरा गोंधळ खुद्द बँकेच्या खिडकीवर होतो. ‘आधार लिंक आहे’ या एकाच वाक्याने दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. खाते उघडताना केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेतली, तर बँकेच्या स्वतःच्या नोंदीत आधार चढते. पण सरकारी अनुदान यायचे असेल तर खातेदाराने वेगळ्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा द्यावा लागतो, आणि मग बँक ते नाव एनपीसीआयकडे पाठवते. याला बँकवाले सीडिंग म्हणतात. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे नाही. शिवाय आधार आधीच दुसऱ्या बँकेशी जोडलेले असेल, तर संमतिपत्रावर ‘या बँकेतून त्या बँकेत बदल’ हा पर्याय निवडून जुन्या बँकेचे नाव लिहावे लागते. ‘नवीन जोडणी’वर खूण केली, की फॉर्म स्वीकारला जातो आणि बदल होत नाही. खातेदाराला वाटते काम झाले, कारण फॉर्म तर भरला. नवराबायकोच्या संयुक्त खात्यात आणखी एक अडचण असते. तिथे बहुधा पहिल्या नावाचे आधार जोडलेले असते, ते नवऱ्याचे असते आणि अनुदान बायकोचे असते. अशा वेळी तिच्या एकटीच्या नावाने खाते काढणे हाच सरळ मार्ग.

जोडणी झाली की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ या सदराखाली दिसते. बँकेचे नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, हे एका मिनिटात कळते. अट एवढीच, की आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी तिथे येतो. निराधार योजनेतल्या किती म्हाताऱ्यांच्या आधारला स्वतःचा चालू नंबर असेल? बहुतेकांचा नंबर लेकाचा, पुतण्याचा, नाहीतर केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. पोस्टमनकडूनही आधारचा मोबाइल नंबर बदलून मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बोटांच्या रेषा घासल्या असतील तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून पडताळणी करण्याची सोय आहे. केंद्रचालकाने ‘अंगठा लागत नाही, घरी जा’ म्हणू नये आणि आपणही ते मुकाट ऐकू नये.

नावातल्या फरकांवर तर ग्रंथ होईल. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, बँकेत आडनाव आधी आणि नाव नंतर, मतदार यादीत नवऱ्याचे नाव, शाळेच्या दाखल्यावर बापाचे. इंग्रजीत तर वाघमारे डब्ल्यूने लिहायचे की व्हीने, हे ज्याने टंकले त्याच्या मर्जीवर. माणसाला हे एकच बाई असल्याचे बघताक्षणी कळते, पोर्टलला कळत नाही. इथे घाईने आधार केंद्र गाठणे धोक्याचे आहे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. एजंट मंडळी कागद न जुळवता दुरुस्त्या मारून या संधी संपवून टाकतात, आणि मग खरी दुरुस्ती करायची वेळ येते तेव्हा दार बंद असते. सगळे कागद शेजारी ठेवून आधी पाहावे. आधार बरोबर असेल तर दुरुस्ती बँकेत आणि योजनेच्या नोंदीत करावी, ती तुलनेने सोपी असते.

वयाचेही तेच. शासनाच्या नियमात वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वय, नाहीतर ग्रामीण वा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला, यांपैकी काहीही चालते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पिढीसाठी हे शहाणपणाने ठेवले आहे. प्रत्यक्षात टेबलावर आधारवरचीच जन्मतारीख प्रमाण मानली जाते. आधार काढताना कितीतरी जणांनी अंदाजे वय सांगितले आणि तारीख १ जानेवारी पडली. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला ६७ म्हणतो आणि आधार ६३ म्हणते, म्हणून श्रावणबाळचा अर्ज बाजूला ठेवायचा असेल, तर तसे कारण लेखी द्यावे. लिहून द्यायचे म्हटले की अशी कारणे बरीच कमी होतात.

खाते निष्क्रिय होणे हा आणखी एक फास. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की बँक खाते गोठवते. पण रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या सूचनांप्रमाणे, सरकारी योजनांच्या लाभासाठी काढलेली शून्य शिलकीची खाती बँकांनी वेगळी ओळखायची आहेत, म्हणजे व्यवहार नाही या कारणाने त्यांतली जमा अडू नये. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. शाखेत हे माहीत नसेल तर विचारणाऱ्याला माहीत असलेले बरे.

एक खुलासा, कारण यावरून विनाकारण भांडणे होतात. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतल्या लाभार्थ्याला १,५०० रुपये एकरकमी येतीलच असे नाही. ८० वर्षांखालील व्यक्तीला केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३०० असतात. विधवा योजनेत केंद्राचे ३०० आणि राज्याचे १,२००. हे दोन वाटे वेगवेगळ्या तारखांना पडू शकतात. पासबुकात १,३०० दिसले म्हणजे कुणी २०० खाल्ले असे समजू नये, आधी दुसरी नोंद पाहावी. दिव्यांगांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले. ज्यांना जुनेच १,५०० येत आहेत त्यांनी आपला यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक योजनेच्या नोंदीत चढला आहे का आणि अपंगत्व प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हे पाहावे.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडेच लिहितो. दरवर्षी तो द्यायचा, यात गैर काही नाही. गैर हे, की दिलेल्या दाखल्याची पोच मिळत नाही, आणि गठ्ठ्यात तो हरवला की माणूस जिवंत असून अनुदान बंद होते. पुन्हा सुरू झाल्यावर मधले महिने मिळणार की बुडणार, याचे उत्तर तोंडी असते आणि माणसागणिक बदलते.

आता उत्पन्नाची अट. दिव्यांग सोडून इतरांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. घरातल्या एकाने वर्षात ६८ दिवस हमीचे काम केले, की ते घर कागदोपत्री निराधार राहत नाही. याचा परिणाम कुणालाही ठाऊक आहे. उत्पन्नाचा दाखला खरा काढला तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून दाखला ‘बसवून’ घ्यावा लागतो, आणि बसवून देणाऱ्याचा दर असतो. सरकारनेच गरिबाला खोटे बोलायला लावायचे आणि नंतर पडताळणीत त्याला अपात्र ठरवायचे, असा हा प्रकार आहे. याच राज्याने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत तेवढेच १,५०० रुपये देताना उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. त्या योजनेत वयाची मर्यादा ६५ वर्षे आहे. म्हणजे साठ हजार उत्पन्नाच्या घरातली बाई पासष्टीपर्यंत १,५०० घेईल आणि त्यानंतर, जेव्हा हातपाय थकतील तेव्हा, श्रावणबाळला अपात्र ठरेल. हा हिशेब मंत्रालयात कुणी मांडून पाहिला आहे का?

दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि मुद्रांक मागण्याची सवयही अजून गेलेली नाही. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे केले आहे, आणि शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी तहसीलच्या आवारातल्या टपऱ्यांवर विक्री चालूच आहे. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियमात येतो. मुदत १५ दिवसांची. ती उलटली की ३० दिवसांत अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सेतू केंद्रातली पावती जपून ठेवली तरच याचा उपयोग.

शासनाकडे मागण्या मोठ्या नाहीत, पैसेही फारसे लागणार नाहीत. दर महिन्याला रक्कम पाठवल्यावर ज्यांची परत आली त्यांची यादी कारणासह मराठीत चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावावी. आधारचे आकडे छापू नयेत, नाव आणि कारण पुरेसे आहे. तहसीलच्या संजय गांधी योजना (संगांयो) शाखेत आठवड्यातून एक दिवस बँकेचा माणूस आणि आधारचे यंत्र एकाच खोलीत बसवावे, म्हणजे तीन दारांचा फेरा एका टेबलावर संपेल. हयातीच्या दाखल्याची पोच छापील द्यावी. आणि अनुदान बंद करण्याआधी नोटीस द्यावी. आज आधी पैसे बंद होतात आणि मग लाभार्थी कारण शोधत फिरतो.

तोपर्यंत गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना एक करता येईल. तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून एवढेच विचारावे: ‘माझ्या नावे कोणकोणत्या महिन्यात किती रक्कम पाठवली, ती कोणत्या बँकेत जमा झाली, आणि परत आली असल्यास नोंदलेले कारण काय?’ शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ, फक्त पुराव्याची प्रत जोडावी लागते. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज लाभार्थ्याच्याच नावाने आणि सही-अंगठ्याने द्यावा, म्हणजे ‘त्रयस्थाची माहिती देता येत नाही’ हे उत्तर येणार नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर देतो’ म्हणून ठेवून घेतलेला कागद आवक नोंदवहीत चढत नाही.

— महसूल विभागातील एक निवृत्त अव्वल कारकून