पहिला प्रोग्रॅम तिहाईचा असू द्या

महोदय,

कार्यक्रम आणि शिकवण्यांवर घर चालेना म्हणून अनेक तरुण वादक प्रोग्रॅमिंगकडे वळतात. त्यांच्या हाती पहिल्यांदा येतो तो महागडा कोर्स, आणि त्यात बँकेच्या खात्यांची कंटाळवाणी उदाहरणे. तबलजीने त्याऐवजी तिहाईपासून, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणाऱ्या बोलांपासून सुरुवात करावी. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळते आणि साधा लॅपटॉप पुरतो.

सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून पाच मात्रांचा पल्ला (तीनदा येणारा, 'धा'वर संपणारा तुकडा) आणि एका मात्रेचा दम (दोन पल्ल्यांमधली विश्रांती) घेतला, तर तीन पल्ले व दोन दम मिळून १७ मात्रा होतात आणि शेवटचा 'धा' समेवर पडतो. प्रोग्रॅममध्ये मोजणी शून्यापासून होते. वादक तिथेच अडखळतो, कारण त्याची सम म्हणजे 'एक'. पण सम शून्यावर ठेवली की नियम सोपा होतो: शेवटच्या 'धा'चा क्रमांक १६ ने निःशेष भागला गेला पाहिजे. एकात एक अशा दोन लूपमधून (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांमधून) पल्ला आणि दम बदलत गेले की जमणाऱ्या सगळ्या तिहाया पडद्यावर येतात. झपतालासाठी १६ च्या जागी १० लिहायचे. तिस्र जातीत, म्हणजे मात्रेचे तीन भाग करताना, मात्र गडबड होते. संगणकात एक तृतीयांश नेमका साठत नाही, त्यामुळे बेरीज समेपाशी केसभर चुकते. मात्रेचे १२ भाग करून पूर्णांकांतच मोजावे.

पुढची पायरी ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, वाजवण्याची. बहुतेक जण प्रत्येक बोलानंतर 'स्लीप' लिहितात, म्हणजे प्रोग्रॅमला थांबायला सांगतात. तो किमान तेवढा थांबतो, वर आवाज काढण्याचा वेळ वेगळा. उशीर साचत जातो आणि लय ढिली पडते. कान तयार असलेल्या माणसाला हे लगेच कळते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. त्याऐवजी पायथॉनबरोबरच येणाऱ्या 'वेव्ह' मॉड्यूलने ध्वनिफीत लिहावी. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजलेले बिंदू) धरले, तर मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेला १६,५३७.५ नमुने येतात. तो अर्धा नमुना प्रत्येक मात्रेला सोडून दिला, तर तीनतालाच्या शंभर आवर्तनांत सुमारे १८ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि दुसऱ्या ट्रॅकशी जुळवताना तो खटकतो. म्हणून प्रत्येक बोलाची जागा आधीच्या बोलापासून न मोजता आरंभापासून गुणाकार करून काढावी.

एक सवय मात्र मोडावी लागते. गुरूंकडून कायदा (तबल्यातली विस्तार करण्याजोगी रचना) जसाच्या तसा उचलायची शिस्त इथे अडते. दुसऱ्याचा कोड उतरवून तो चालला, तरी हाती काही लागत नाही. एक ओळ बदलावी, काय मोडते ते पाहावे, चूक दाखवणारा संदेश शेवटच्या ओळीपासून वर वाचावा. पलटे (कायद्याचे बदललेले प्रकार) ठाय, म्हणजे संथ, लयीत घोटणाऱ्यांकडे यासाठी लागणारा धीर असतोच.

शिकवण्या लगेच सोडू नयेत. हे दोन प्रोग्रॅम स्वतः लिहून, कुणालाही ओळीओळीने समजावता आल्यावरच कोर्सच्या फीचा विचार करावा.

— एक तबला-शिक्षक, पुणे