भेसळ चांदीत झाली, सोन्यात नाही

रविवारच्या पुरवणीतला रोमन नाण्यांवरचा लेख आवडला, पण ‘सम्राटांनी सोन्यात भेसळ केली’ हे वाक्य खटकलं. भेसळ झाली ती मुख्यतः चांदीच्या नाण्यांत, इ.स. 270 च्या आसपास तर वरून चांदीचा नुसता मुलामा आणि आत जवळजवळ सगळं तांबंच, थोडं वापरून झिजलं की उघडं पडणारं. ‘ऑरियस’ हे सोन्याचं नाणं मात्र बराच काळ जवळपास शुद्धच राहिलं, फक्त वजनाला कात्री लागली, म्हणजे सम्राट निरोने एका रोमन पौंड (तेव्हाचं वजनाचं माप) सोन्यात 45 नाणी पाडली, आधी 40-42 निघायची (सराफाच्या काट्यावर लगेच कळलं असतं म्हणा!). पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने ‘सॉलिडस’ हे नवं सोन्याचं नाणं पौंडाला 72 असं ठरवलं आणि ते प्रमाण जवळपास 700 वर्षं टिकलं. पुढच्या भागात एवढी दुरुस्ती छापा.

– एक वाचक, सातारा