गच्ची सगळ्यांची, छत आमचं

दि. २४ एप्रिल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
कोथरूड, पुणे

विषय : गच्चीवरच्या काळ्या मेंब्रेनला (गळती रोखायच्या डांबरी थराला) पांढरा लेप देणे आणि 'बी' विंगच्या डक्टवरचं (इमारतीतल्या उभ्या मोकळ्या जागेवरचं) झाकण उचलून बसवणे

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी लिफ्टपाशी मी आमच्या, म्हणजे गच्चीच्या थेट खालच्या मजल्यावरच्या, उकाड्याचा विषय काढला तेव्हा आपण म्हणालात, "अहो, एसी लावून टाका ना." तेवढ्यात लिफ्ट आली आणि विषय तिथेच राहिला, म्हणून हे पत्र. एसी आमच्याकडे चार वर्षांपासून आहे. तो बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा होती तशी होते, आणि रात्रभर चालू ठेवायचा तर बिल बघून निराळा घाम फुटतो.

तक्रारीआधी मोजून घ्यावं म्हणून सोसायटीच्या ऑफिसमधल्या कपाटात पडलेली, कोविडच्या वेळी गेटवर वापरायचे ती ताप मोजायची बंदूक वॉचमनकाकांकडून मागून आणली. कपाळाच्या सेटिंगवर छताकडे धरली तर नुसतं 'हाय' दाखवून लाल झाली. मुलाने मग ती पृष्ठभागाच्या सेटिंगवर लावून दिली. सलग पाच दिवस, रोज रात्री दहाला मोजलं. आमच्या हॉलचं छत ३८ ते ३९ अंश. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये (त्यांच्या परवानगीने, आणि दोनदा चहा घेऊन) छत ३३. बाल्कनीतलं साधं थर्मामीटर त्याच वेळी २८-२९. सासूबाईंचा या बंदुकीवर विश्वास नाही. त्यांनी मला पलंगावर चढून छताला हात लावायला सांगितलं. पोळ्या झाल्यावर तासाभराने तवा लागतो तसं लागलं.

पुण्याचा उन्हाळा मुंबईसारखा नाही, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. इथे एप्रिलमध्ये दिवसाचा पारा सरासरी ३८ च्या आसपास जातो, पण पहाटे विशीच्या आगेमागे उतरतो. हवा कोरडी असते. म्हणजे रात्री खिडक्या सताड उघडल्या की घर निवायला हवं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ते निवतंही. आमच्याकडे निवत नाही, कारण दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब ती धग रात्री खाली सोडत बसतो. गच्ची भर दुपारी सगळ्यात जास्त तापते. ती उष्णता कोबा आणि स्लॅब पार करून खाली यायला काही तास लागतात, आणि ती पोचते नेमकी आमच्या जेवणाच्या नि झोपेच्या वेळेला.

यात हवेच्या तापमानाने फसायला होतं. होळीसमोर उभं राहिलं की तोंड पोळतं आणि पाठ गार राहते. हवा दोन्हीकडे तीच असते. शरीराला हवेइतकीच भोवतालच्या भिंतींची आणि छताचीही झळ जाणवते. म्हणून आमच्या हॉलमधलं थर्मामीटर ३३ दाखवत असलं तरी अंगाला त्याहून जास्त वाटतं. पंखा लावावा तर तो छताजवळ साचलेली गरम हवाच खाली ढकलतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. या वयात घाम नीट येत नाही, तहान कळत नाही. सध्या त्या पायपुसणं बाजूला सारून दाराच्या उंबऱ्याशी लादीवर चटई टाकून झोपतात. जिन्यातून जाणाऱ्यांना त्या दिसल्या असतील.

हे सगळं पूर्वी इतकं नव्हतं. २००३ पासून आम्ही इथे राहतो, आणि गच्चीवर चायना मोझॅक होतं. पांढऱ्या फुटक्या फरशीचे ते तुकडे दुपारी डोळ्यांवर यायचे, म्हणजे ऊन परत वर जायचं. दोन वर्षांपूर्वी गळतीच्या कामात कंत्राटदाराने ते फोडून काढलं आणि काळं डांबरी मेंब्रेन अंथरून तो गेला. गळती थांबली, हे मान्य. त्या कामासाठी आपण आणि सचिवांनी किती हेलपाटे घातले तेही मी पाहिलं आहे. पण काळा पृष्ठभाग अंगावर पडलेलं जवळजवळ सगळं ऊन गिळतो. परवा तीन वाजता बंदुकीने तिथे ६४ दाखवले. शेजारीच पाण्याच्या टाकीचा चुना दिलेला कट्टा आहे, तो ४३. ऊन तेच, वेळ तीच, मध्ये अंतर चार पावलांचं.

शिवाय उघडं मेंब्रेन उन्हाने कडक होऊन चिरतं. त्यावर काहीतरी संरक्षक थर द्यायचाच असतो, तो आपल्याकडे राहून गेला. तो थर पांढरा असावा, एवढीच माझी मागणी आहे. समितीतल्या एका सभासदांनी चंदेरी रंग सुचवला होता. कृपया तो नको. ॲल्युमिनियमचा रंग ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता आत शिरते ती बाहेर टाकायला फार कंजूष असतो. पांढरा लेप ऊनही जास्त परतवतो आणि रात्री लवकर निवतो. नुसता चुना मात्र डांबरावर टिकणार नाही. मेंब्रेनवर चालणारा लवचिक ॲक्रिलिक लेपच हवा, आणि खाली योग्य प्रायमर, नाहीतर डांबर झिरपून पांढऱ्याचं पिवळं होतं. आपल्याकडची धूळ पाहता दरवर्षी होळीच्या सुमारास एकदा धुवावाही लागेल. पत्र्याच्या शेडची सूचनाही ऐकली. शेडने सावली होते हे खरं, पण महापालिकेची परवानगी, खर्च आणि वादळात पत्रे उडण्याची धास्ती पाहता मी तरी त्या बाजूची नाही.

या गोष्टी मी शोध लावून सांगत नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे तिथे वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम झालं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच काढलं. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, नव्या इमारतींच्या छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली आहे. आपली इमारत जुनी, तिला ती संहिता लागू नाही. छताला मात्र ऊन लागू आहे.

खर्चाबद्दल. "ज्यांना गरम होतं त्या चार फ्लॅटनी वर्गणी काढावी," असं मागच्या सभेत म्हटलं गेलं. तळमजल्यावरचे सभासद लिफ्टने कधी जात नाहीत, तरी लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांकडून सारखाच घेतला जातो. सोसायटीच्या उपविधीतच तसं आहे. गच्चीही सामाईक आहे. दिवाळीत दिवे लावायला, कोजागिरीला दूध आटवायला आपण सगळे तिथे जातो, आणि जायलाच हवं. मग तिचं छप्पर म्हणून असलेलं काम तेवढं आमच्या नावावर का?

आता डक्टचं. 'बी' विंगच्या डक्टमध्ये एसीची सात आउटडोअर युनिट्स आहेत. त्यातलं एक आमचं आहे, हे आधीच कबूल करते. सातही युनिट्स गरम हवा तिथेच फेकतात आणि ती वर चढते. वर कबुतरांसाठी म्हणून गेल्या वर्षी पॉलिकार्बोनेट शीट घट्ट बसवली, त्यामुळे ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येते. पावसाळ्यात याच डक्टमधली ओल बाहेर पडत नाही. ऑगस्टमध्ये आमच्या बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी धरली, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा दमाही तेव्हाच बळावला. दम्याचं कारण बुरशीच, असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांनी त्यांनाही भिंती बघायला सांगितल्या. कबुतरांची विष्ठा फुप्फुसांना वाईट, त्यामुळे जाळी हवीच. शीट फक्त दीड फूट वर उचलून चारही बाजूंना जाळी लावली तर पाऊसही येणार नाही आणि हवाही जाईल.

लेप कोरड्या पृष्ठभागावरच बसतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, म्हणून घाई करते आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या हॉलच्या वरचा दहा बाय दहाचा तुकडा करून बघू. त्या तुकड्याचा खर्च मी देते. आठ दिवस रोज रात्री दहाला मोजू. फरक दिसला तर तीन कोटेशनं मागवून विशेष सर्वसाधारण सभा मे महिन्यातच घ्यावी.

त्याआधी समितीने एकदा गच्चीवर यावं ही विनंती. सकाळी फिरायला येता तेव्हा नको. दुपारी तीनला या, आणि चपला काढू नका.

आपली,
सभासद, पाचवा मजला, 'बी' विंग

ता. क. : बंदूक रविवारपर्यंत माझ्याकडे आहे. सेल मी नवे घातले आहेत, त्याचे पैसे नकोत.