गाठ आहे, शस्त्रक्रिया तूर्त नाही

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितले असते तर ‘कर्करोग’ या शब्दापुढचे काही तुम्हाला ऐकूच आले नसते, म्हणून लिहिते आहे. माझ्या थायरॉइडमध्ये ७ मिलिमीटरची गाठ आहे. सुईने पेशी काढून तपासल्यावर ती पॅपिलरी, म्हणजे सहसा संथ वाढणाऱ्या प्रकारच्या, कर्करोगाची निघाली, आणि शस्त्रक्रिया न करता सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून तिच्यावर लक्ष ठेवायचे, असे मी डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे.

बाबा, ‘काढून का टाकत नाही?’ असे तुम्ही म्हणणारच. पहिले आठ दिवस मीही तेच म्हणत होते. पण जपानमधील कोबेच्या कुमा रुग्णालयात १९९३ पासून डॉ. अकिरा मियाउची यांच्या प्रस्तावानुसार १ सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठी नुसत्या निरीक्षणाखाली ठेवल्या जातात. तेथे पाहिलेल्या १,२३५ रुग्णांत दहा वर्षांत सुमारे ८ टक्के जणांचीच गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली, आणि या आजाराने कोणीही दगावले नाही. दक्षिण कोरियात मानेची सरसकट सोनोग्राफी होऊ लागली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १५ पट झाले, मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका थोडा का होईना असतोच. माझी गाठ त्या नसेपासून आणि श्वासनलिकेपासून दूर आहे. वाढलीच, तर शस्त्रक्रिया तेव्हाही करता येईल.

आत्याच्या वेळचा सल तुमच्या मनात आहे, हे मी जाणते. ते दुखणे वेगळे होते, आणि त्यात तुमचे काही चुकले नव्हते.

माझे जेवण, झोप, काम सारे नेहमीसारखे आहे. गिळताना त्रास नाही. आई, ताप पाहायला तू कपाळाऐवजी मानेवर हात ठेवायचीस. सोनोग्राफीचे थंडगार जेल नेमके तिथेच लागले आणि मला उगाच रडू आले, एवढेच.

आता माझे ऐका. आई, तुझी थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनीच. केसांसाठीचे बायोटिन घेत असशील, तर रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना सांग, कारण त्याने आकडे फसवे येतात. तुझी ग्रंथी मंद आहे, म्हणजे कर्करोग नव्हे. माझ्या धास्तीने दोघांनी मानेची सोनोग्राफी करायला धावू नका.

बाबा, पुढच्या तपासणीला सोबत या, मला बरे वाटेल. फक्त डॉक्टरांशी वाद घालू नका.

तुमची,
धाकटी