खालच्या मजल्यावरच्या ताईंना

ताई,

आभार मानायचे म्हणून तुमच्या दारापर्यंत येते आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून परत फिरते. विषय काढला की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणता आणि तो तिथेच संपतो. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते विद्यापीठाच्या अपार्टमेंटमध्ये राहायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं. आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला मिळाली होती एक किल्ली, एक जाडजूड नियमावली आणि सह्या करायला कागद. भिंतीला खिळे ठोकू नका, पाहुणा किती रात्री राहू शकतो, सायकल कुठे लावायची, सगळं त्यात होतं. घराचं पाणी कुठून बंद होतं, हे मात्र कुठेच नव्हतं.

सिंकखाली ओल येते आहे हे मी रीतसर कळवलं होतं, फोटो जोडून. त्यावर आपोआप येणारं उत्तर आलं, तक्रार क्रमांक आला आणि पुढे "तातडीचे नाही" असा शेरा पडला. फोन केला तर या टेबलावरून त्या टेबलावर. ज्यांनी तो शेरा मारला त्यांनी खाली वाकून ती ओल एकदाही पाहिली नव्हती, याचा राग मला अजून येतो. मग एका रात्री नळाचा कनेक्शन पाइप फुटला. आपत्कालीन नंबरवरच्या माणसाने आधी माझा विद्यार्थी क्रमांक विचारला, मग घराचा क्रमांक, मग तक्रारीचा प्रकार. पाणी घोट्यापर्यंत येत होतं. मी विचारलं, "हे बंद कुठून करू, एवढं सांगा." ते त्याला माहीत नव्हतं.

पाणी तुमच्या छतातून टपकायला लागलं होतं, ताई. तुमचं टेबल, तुमची पुस्तकं त्याखाली होती. तुम्ही वर येऊन माझ्यावर ओरडला असतात तरी मला ते रास्त वाटलं असतं. तुम्ही आलात ते हातात टॉर्च आणि खांद्यावर जुने टॉवेल घेऊन, आणि पहिला प्रश्न विचारलात, "कोणाला लागलं नाही ना? पाणी कुठल्या स्विचबोर्डपर्यंत गेलंय का?"

सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे फक्त त्या नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी, जाम झाला होता. तुम्ही तो थोडा फिरवून पाहिलात आणि सोडून दिलात. जुना कॉक जोर लावून फिरवला तर मोडून हातात येतो आणि मग पाणी दुप्पट जोराने येतं, असं म्हणालात. दाराबाहेरच्या डक्टचं, म्हणजे पाइप जातात त्या खाचेचं, झाकण उघडलंत, अख्ख्या घराचं पाणी बंद करणारा मेन कॉक बंद केलात, आणि पाणी थांबलं. नंतर कोरड्या जमिनीवर उभं राहून, हात पुसून, स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे तिथली वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, खाली केलात. बोर्डच पाण्यात असेल तर त्याच्या जवळही जायचं नाही, घराबाहेर पडायचं आणि इमारतीचा पुरवठा बंद करायला लावायचा, हेही तेव्हाच बजावलंत.

मी पुसायला फडकं उचललं तर तुम्ही थांबवलंत. आधी फोटो. फुटलेल्या पाइपचा जवळून, खोलीचा लांबून, भिजलेल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा, शिवाय एक छोटा व्हिडिओ. मग मेल. "फोन कर, पण फोन ठेवल्यावर त्याच दोन ओळी लिहूनही पाठव. कोणाशी बोललीस, किती वाजता, काय ठरलं." पुढे नुकसान कोणी भरायचं यावर घोळ झाला तेव्हा त्या दोन ओळीच कामाला आल्या. त्या नसत्या तर सगळा दोष माझ्या माथी आला असता.

आणि वाळवणं. भिजलेलं लाकूड, गादी, चटई 24 ते 48 तासांत सुकवली नाही तर बुरशी धरते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. कपाटाचे खालचे खण बाहेर काढले, फर्निचर भिंतीपासून सरकवलं, पंखा थेट ओल्या कोपऱ्यावर लावला. माझ्या रूममेटांपैकी दोघी दार लावून झोपल्या होत्या. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

पण ताई, आभार मानायचे आहेत ते या सगळ्याहून लहान गोष्टीचे.

सकाळी दुरुस्तीवाला आला. मन लावून काम करणारा माणूस होता. त्याच्यापर्यंत निरोपच तासाभरापूर्वी पोहोचला होता. त्याने पाइप बदलला, जाम झालेला अँगल कॉकही बदलला आणि गेला. संकट संपलं होतं. तुमचं छत टपकायचं थांबलं होतं. तुम्हाला वर यायचं काही कारण उरलं नव्हतं आणि तुम्हाला लेक्चर होतं. तरी तुम्ही आलात. बॅग खांद्यावर, चपला पायात, आत न येता दारातच उभं राहून म्हणालात, "डक्ट उघड. आता तू बंद करून दाखव."

मी कॉक धरला. तो कडक होता. माझे हात रात्रभर पाण्यात राहून सुरकुतले होते आणि पकड सुटत होती. मला वाटलं, आता तुम्ही पुढे येऊन फिरवाल. तुम्ही हात पाठीमागे बांधलेत आणि थांबलात. घाई केली नाहीत, सूचना दिल्या नाहीत, घड्याळाकडेही पाहिलं नाहीत. तो फिरला. मग मला नळ उघडून पाणी खरंच थांबलंय का ते बघायला पाठवलंत. मग पुन्हा चालू करायला लावलंत, सावकाश, म्हणजे पाइपला एकदम दाब बसत नाही. गोल चाकाचा कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतो; दांडीचा असेल तर पाव फेरा पुरतो आणि दांडी पाइपला आडवी झाली की पाणी बंद. हे मी आता झोपेतही सांगेन. आणि मग तुम्ही बॅगेतून लाल नेलपॉलिश काढून कॉकवर एक ठिपका दिलात, कारण तिथे चार घरांचे कॉक शेजारी शेजारी आहेत आणि कागदाची चिठ्ठी दमटपणाने गळून पडते. "काही महिन्यांनी एकदा फिरवत जा, म्हणजे जाम होणार नाही," म्हणालात आणि जिना उतरलात.

तुम्हाला ते आठवतही नसेल. माझ्यासाठी त्या क्षणी ते घर माझं झालं. तोवर मी तिथे परवानगीने राहत होते. काही बिघडलं की कोणाची तरी वाट पाहायची, आणि ज्यांची वाट पाहायची त्यांनी यायचं नाही, एवढंच माझं आणि त्या घराचं नातं होतं. मदत करणारे मला आधीही भेटले आहेत, पण बहुतेकांच्या मदतीनंतर मी जिथल्या तिथेच राहिले, पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच बोलवायचं. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहिलात म्हणून मला आता कोणाला बोलवावं लागत नाही.

नंतर जिन्यात, गच्चीवर, धुलाई मशीनपाशी भेटत गेलात आणि दर वेळी काहीतरी देत गेलात. धुराचा अलार्म स्वयंपाक करताना वाजतो म्हणून शेजारच्या मुलांनी त्याच्यावर पिशवी बांधली होती. तुम्ही ती काढायला लावलीत आणि त्यांना चिमणीचा पंखा आधी लावायला शिकवलंत. अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं आणि मागची तारीख वाचायची, कारण 10 वर्षांनी तो बदलायचाच असतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही, शेगडी बंद करून झाकण ठेवायचं आणि गार होईपर्यंत उचलायचं नाही. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच, पडला की पुन्हा पुन्हा वर करत बसायचं नाही. साधारण 30 मिलीअँपिअर इतकी गळती झाली तरी तो पडतो तो माणूस वाचावा म्हणून. एकेक उपकरण काढून कुठलं बिघडलंय ते शोधायचं. हीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावायचा नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटवर.

बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे काळी बुरशी का येते, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्ही सगळे रंगाला दोष देत होतो. थंड भिंत, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि मागे खेळती हवा नाही, एवढं बुरशीला पुरतं. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे, 30 ते 50 असेल तर उत्तम. आम्ही कपाट हातभर पुढे ओढलं, अंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवायला लागलो, आणि डाग परत आला नाही.

करारही तुम्हीच वाचून दाखवलात. आम्हा चौघींची सही एकाच कागदावर आहे की प्रत्येकीचा वेगळा करार आहे, हे आधी बघा म्हणालात. संयुक्त करार असेल तर एक जण मध्येच निघून गेली की तिच्या वाट्याचं भाडं उरलेल्यांकडून मागता येतं. आमचा तसाच निघाला. त्याच रात्री आम्ही चौघी बसलो आणि कोण कधी जाणार, बदली मुलगी कोणी शोधायची, परीक्षेच्या दिवसांत किती वाजेपर्यंत पाहुणे, बाथरूम कोणी कधी घासायचं, हे सगळं एका पानावर लिहून सह्या केल्या. दार लावून झोपलेल्या दोघींनीही सह्या केल्या आणि बाथरूमची पाळी त्या चुकवत नाहीत, हेही मी इथे लिहायला हवं. इमारतीचा विमा असला तरी तो सहसा आपल्या लॅपटॉपला आणि पुस्तकांना लागू नसतो, हेही तेव्हाच कळलं. तुमची पुस्तकं भिजली त्या रात्री तुमचा विमा होता, म्हणून ती भरून मिळाली. मला त्याचं किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

तुम्हाला हे सगळं करायला कोणी नेमलेलं नव्हतं. ज्यांना नेमलेलं होतं त्यांच्याकडे गाडी होती, हत्यारं होती, रजिस्टर होतं, अधिकार होते. तुमच्याकडे अर्धवट लिहिलेला प्रबंध होता आणि टॉर्च होता. मी हल्ली अशा माणसांकडे बघायला शिकले आहे. जिन्यातला दिवा गेला तर कळवून थांबणारा आणि तो लागेपर्यंत पाठपुरावा करणारा, लिफ्टचं दार धरून ठेवणारा, नव्या मुलाला कचरा कुठे टाकायचा ते न चिडता दाखवणारा. अशी चार माणसं असली की इमारत राहण्याजोगी होते. कार्यालयाने कितीही नियमावल्या छापल्या तरी हे काम नियमावली करत नाही.

आता तुमचा प्रबंध सादर होतोय आणि तुम्ही घर सोडणार असं ऐकलं. माझी एक विनंती आहे. घर ताब्यात देताना होणाऱ्या तपासणीला एकट्या जाऊ नका, मी येते. तुमच्या छतावरचा पाण्याचा डाग माझ्या घरातून आलेला आहे आणि तो तुमच्या डिपॉझिटमधून कापायला मी देणार नाही. त्या रात्रीचे फोटो, मेल, दुरुस्तीची पावती, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे. तपासणीचा कागद समोर भरला जाईल, त्याची प्रत हातात येईल, तोवर सही करायची नाही. मीटरचं रीडिंग आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो मी काढेन. दिवस कळला की सांगा. माझं लेक्चर असलं तरी चालेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची