खोक्यात काय आहे आणि का आहे

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पुस्तकांचं खोकं परवापर्यंत पोचेल. फोनवर मी नुसतं 'वाचायला पाठवतेय' एवढंच म्हटलं, कारण फोनवर आपलं बोलणं जेवलात का, औषधं घेतली का आणि पाऊस किती, याच्यापुढे जात नाही. म्हणून सोबत हे पत्र.

आधी काय पाठवलं नाही ते सांगते. पहाटे पाचला उठून श्रीमंत व्हायला सांगणारं एकही पुस्तक त्यात नाही. बाबा चाळीस वर्षं पाचलाच उठतायत, पाटबंधारे खात्याने त्यांना जेवढं दिलं तेवढंच दिलं. आणि मधुमेह मुळापासून घालवणारी पुस्तकंही नाहीत. ती शेजारच्यांकडे आहेत, त्यांची साखर कितीवर आहे ते तुम्हाला माहीत आहे.

सगळ्यात वरचं पुस्तक अतुल गवांदे यांचं, 'बीइंग मॉर्टल'. २०१४ सालचं. हे अमेरिकेत वाढलेले सर्जन, पण वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. पुस्तकात त्यांच्या आजोबांची, सीताराम गवांदे यांची गोष्ट येते. हा शेतकरी म्हातारा जवळजवळ एकशे दहा वर्षं जगला, आणि शंभरी ओलांडल्यावरही रात्री घोड्यावर बसून शेताला चक्कर मारायचा. घरात पोरंसुनानातवंडं, मोठ्या निर्णयाला त्यांचा शब्द. वाचताना आपल्याला वाटतं, बघा, आपलं एकत्र कुटुंब! गवांदे मात्र तिथे थांबत नाहीत. म्हातारा शंभरी गाठतो तेव्हा जमीन हातात यायची वाट बघता बघता मुलंही म्हातारी होतात, हेही ते सांगतात. हा सरळपणा मला फार आवडला.

बाबा, इंग्रजी आहे पण सोपं आहे, तुम्ही पेपर वाचता तसंच. आईला रोज थोडं वाचून मराठीत सांगायचं. त्यातलं एक प्रकरण दोघांनी मिळून वाचाच. वृद्धांचा एक डॉक्टर पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंना तपासतोय. बाईंना पाठदुखी आहे, कर्करोगाची शंका आहे, आणि हा माणूस बराच वेळ त्यांची पावलं बघत बसतो. नखं वाढलीत का, बोटांच्या मध्ये जखमा आहेत का, त्यांना वाकून स्वतःचे पाय धुता येतात का. कारण त्याच्या मते त्यांना सगळ्यात मोठा धोका कर्करोगाचा नव्हता, पडण्याचा होता. पडण्याची तीन मोठी कारणं तो सांगतो: तोल जाणं, स्नायू कमजोर होणं आणि डॉक्टरने लिहून दिलेली चारपेक्षा जास्त औषधं चालू असणं. तिन्ही नसतील तर वर्षभरात पडण्याची शक्यता १२ टक्के, तिन्ही असतील तर जवळजवळ शंभर.

हे वाचलं आणि मला बाबांचा तो चिवड्याचा जुना डबा आठवला, ज्यात आता गोळ्यांच्या पट्ट्या असतात. बीपीच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या, आणि त्या एका, ज्या कुणी कधी लिहून दिल्या ते कुणालाच सांगता येत नाही. दिवाळीत आई अंगणात स्टुलावर बसून बाबांच्या पायाची नखं कापत होती आणि मी रांगोळी काढता काढता बघत होते. तेव्हा ते मला नुसतं गोड वाटलं होतं. आता असं करा, तो डबा तसाच्या तसा उचलून डॉक्टरांकडे न्या आणि यातलं काय अजून लागतं, काय नाही, एवढंच विचारा. मनाने एकही गोळी बंद करायची नाही, बाबा. आणि मोरीचा तो उंच कट्टा फोडून सपाट करायचाय, पैसे मी देणार.

दुसरं आरोग्याचं पुस्तक डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. बाबा म्हणतील, वाचलंय. वाचलं असेलच, पण तेव्हा तुम्ही पन्नाशीत होता आणि जेवणावरची पानं उलटून पुढे गेला होतात, मला ठाऊक आहे. गडचिरोलीत दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी राबणारा डॉक्टर स्वतः ऐन चाळिशीत हृदयविकाराने आडवा होतो आणि मग आपलं खाणं, चालणं, राग, घाई असं सगळं एकेक करून तपासायला घेतो. त्यातली रागाबद्दलची पानं आईने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावीत. दामटून.

पैशांवरची दोन आहेत, त्यातलं एक मी जवळजवळ पाठवणार नव्हते. मॉर्गन हाउझल यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी'. सगळं अमेरिकेचं आणि शेअर बाजाराचं, तुमच्या वयात त्यातलं थोडंच कामाचं. पण पहिल्या काही पानांतला रोनाल्ड रीड वाचा. हा व्हरमाँटमधला पेट्रोल पंपावर आणि मग सफाई कामगार म्हणून काम केलेला माणूस. २०१४ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी वारला तेव्हा त्याच्याकडे ऐंशी लाख डॉलर निघाले, आणि त्यातला मोठा वाटा तो गावच्या इस्पितळाला आणि वाचनालयाला देऊन गेला. बाबांना हा माणूस आवडणार. मला एवढंच सुचतं की त्याने मधूनमधून स्वतःवरही खर्च करायला हवा होता. कुलूमनालीला जायचं आईच्या मनात किती वर्षं आहे?

दुसरं मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी'. हे भारतातलं, एफडी, विमा, पॉलिसी विकणारे एजंट, सगळं आपल्या ओळखीचं. विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नये, हे त्या इतक्या ठासून सांगतात की बाबांना थोडं लागेल. असू दे, त्या जुन्या पॉलिसींचं आता काही करायचं नाही. करायचं आहे ते वेगळंच. साडीच्या दुकानाच्या पिशवीत रबरबँड लावून कपाटात जो पावत्यांचा गठ्ठा आहे, तो सगळा काढून बसायचं. कुठल्याही बँकेत, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच ठेव विम्याचं संरक्षण आहे, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेला तेवढंही नाही. जादा अर्ध्या टक्क्यासाठी पतसंस्थेत ठेवलेली रक्कम मुदत संपली की काढा, बाबा. चेअरमन ओळखीचा असणं हे काही तारण नव्हे. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज खात्यावर येतं. तेच व्याज तुम्हाला घरखर्चाला पुरतं, हिशेब करून बघा.

आणि नॉमिनी लावला की झालं, असं नाही. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. मालक कोण ते मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काचा कायदा. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. सही करताना दोन साक्षीदार हवेत, घराबाहेरचे असलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. दादाशी आणि माझ्याशी या विषयावर बोलायला तुम्हाला अवघड वाटतं, कळतं मला. आम्हालाही वाटतं. वाटणी कशीही करा, आम्ही भांडणार नाही. पण न लिहिता ठेवलीत तर भांडायची पाळी येऊ शकते, आमची नाही तरी आमच्या पोरांची.

आईसाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', मोठ्या टायपाची मिळाली. तू शाळेत त्यातला धडा वाचला होतास, पूर्ण पुस्तक नाही. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, बाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतः विचार करून त्याच्याकडे गेल्या. आणि हे सगळं अशा काही खट्याळपणे लिहिलंय की तू मध्येच हसशील. तऱ्हेवाईक नवऱ्याबरोबर संसार कसा करावा, यावर मला तरी यापेक्षा उपयोगी पुस्तक माहीत नाही. (बाबा, हे वाक्य तुम्हाला उद्देशून नाही.)

शेवटचं बारीक पुस्तक व्हिक्टर फ्रँकल यांचं, 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग'. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून आलेला हा व्हिएन्नाचा डॉक्टर. छावण्यांत त्याचे आईवडील आणि बायको गेली. त्याच्याकडे एक म्हातारा डॉक्टर येतो, बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी सावरलेला नसतो. फ्रँकल विचारतात, तुम्ही आधी गेला असता तर? तो म्हणतो, तिचे फार हाल झाले असते. मग ते हाल तुम्ही वाचवलेत, फ्रँकल सांगतात, आता त्याची किंमत म्हणून तुम्हाला मागे राहावं लागतंय. म्हातारा उठतो, हात मिळवतो आणि निघून जातो. बाबा, काका गेल्यापासून तुम्ही प्रीतिसंगमावर फिरायला जात नाही, म्हणून हे पाठवलंय. बाकी काही म्हणायचं नाही.

आता खरं कारण. गवांदे शेवटी आजारी माणसाला काही प्रश्न विचारायला शिकतात: तुम्हाला कशाची भीती वाटते, काय टिकलं पाहिजे, त्यासाठी काय सोसायची तयारी आहे. एका माणसाचं उत्तर होतं, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं तर मी जगेन. ऑपरेशनच्या वेळी त्याच्या मुलीला त्या एका उत्तरावर निर्णय घेता आला. मला तुमची उत्तरं माहीत नाहीत. व्हेंटिलेटर हवा की नको, कराडलाच राहायचं की आमच्याकडे यायचं, हे मला अंदाजाने ठरवायला लावू नका. असं लिहून ठेवायची सोय आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केली आणि २०२३ मध्ये ती सोपीही केली: दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. मी येईन तेव्हा वकिलांकडे एकदाच जाऊ, मृत्युपत्राचंही त्याच फेरीत होईल.

मी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतेय. दादालाही यायला सांगितलंय, मुलं घरी ठेवून. तोवर निदान गवांदे अर्धं तरी होऊ दे, आणि पावत्यांची ती पिशवी कपाटातून काढून ठेवा. आई, आल्या आल्या पुरणपोळीचा घाट घालू नकोस, पिठलंभाकरी कर.

तुमची,
ताई