लायलॅकची खरड छाटणी

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
२० मे

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

वेली पार खाली घेणारी एप्रिलची खरड छाटणी उरकून आता फेलफुटी, म्हणजे नको ते फुटवे, काढायचं काम चालू असेल. माणसं मिळाली का? तुमच्या चार एकर द्राक्षबागेपुढे माझं एकच झुडूप, पण यंदा त्याची हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या अंगणातला लायलॅक अखेर फुलला. फिकट जांभळे घोस, अगदी द्राक्षाच्या घडासारखे, फक्त वर तोंड करून. वास खिडकीतून आत येतो. या गावाला लायलॅकचं वेडच आहे. इथल्या हायलँड पार्कमध्ये १८९२ साली जॉन डनबार नावाच्या माणसाने २० जातींपासून सुरुवात केली. आज तिथे ५००हून जास्त जाती आणि १२००च्या वर झुडपं आहेत. मे महिन्यात जत्रा भरते.

आणि अशा गावात माझ्या झाडाला पहिल्या वर्षी एक फूल नव्हतं. चूक माझीच. घर घेतलं त्या ऑक्टोबरात तुमची जुनी कात्री काढली आणि घडांसाठी करतो त्या गोडी छाटणीच्या थाटात सगळे शेंडे सरसकट उडवले. द्राक्षबागायतदाराचा पोरगा, कोणाला विचारतो! मे उजाडला, नुसता पाला. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून म्हणाल्या, ‘फुलं तू ऑक्टोबरातच कचऱ्यात टाकलीस.’

मग नीट बघितलं. आपल्या वेलीसारखंच याचंही पुढच्या वर्षीचं फूल उन्हाळ्यातच काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, तयार होतं. पण आपला घडाचा डोळा काडीच्या मध्यावर, त्यामुळे शेंडा गेला तरी बिघडत नाही. याचा फुलाचा डोळा असतो टोकाला, जोडीने, चांगला टपोरा. शेंडा मारला की घडच गेला.

म्हणून याला छाटणी एकच, फुलं वाळल्या वाळल्या. वाळका घोस खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापायचा, म्हणजे तिथून नवी काडी निघून उन्हाळाभरात डोळे भरतात. जुलै लागला की कात्री ठेवून द्यायची. म्हणजे ही याची खरड छाटणीच म्हणा, फक्त एवढी खरडायची नाही. सगळं झाड एकदम खाली घेतलं तर दोन-तीन वर्षं फुलाचं नाव नको. माझ्या झाडाला सहा म्हातारी खोडं होती, मनगटापेक्षा जाड, फुलं फक्त वर, हात न पोचेल अशी. दर जूनमध्ये दोन खोडं जमिनीलगत कापतो आणि बुडातून येणाऱ्या फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढून टाकतो.

बाकी लाड नाहीत. सहा तास ऊन हवं, पाणी तुंबायला नको. चुनखडीच्या जमिनीची तुम्हाला जी कटकट, ती याला उलट मानवते. नत्र जास्त झालं की पाला माजतो, हे तुम्हाला मी काय सांगू. ऑगस्टात पानांवर पांढरी भुरी येते, आपल्या द्राक्षावर येते तशी, चक्क भुरी! पण इथे कोणी फवारत नाही, पानं तशीही गळणारच असतात. मला मात्र ती बघवत नाही.

आईला म्हणावं, रोप आणता येणार नाही. निफाडचा पारा पेपरात येतो खरा, पण चार पहाटांच्या गारठ्याने याचं भागत नाही, महिने-दोन महिने सलग कडक थंडी लागते. तिच्या दारातला मोगरा मात्र याच कुळातला आहे, तेवढं सांगा.

आता अडचण अशी, की उरलेल्या दोन म्हाताऱ्या खोडांतलं एक यंदा सगळ्यात जास्त फुललंय. हात होत नाही. रविवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतो, झाड चहूबाजूंनी दाखवतो. कापू की आणखी एक वर्ष ठेवू, ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
संदीप